ऑनलाइन माहितीची शहानिशा : पान वाचण्याआधी पानाबाहेर पडा

ऑनलाइन काही वाचलं आणि ते खरं आहे का अशी शंका आली, की बहुतेक जण तेच पान पुन्हा एकदा, जरा जास्त लक्ष देऊन वाचतात. भाषा शुद्ध आहे का, मांडणी नीटनेटकी आहे का, खाली संदर्भ दिलेत का, लिहिणाऱ्याच्या नावाआधी डॉक्टर लावलंय का, हे बघतात. या सगळ्या गोष्टी फसवणाऱ्यालाही सहज जमतात. उलट ज्याला फसवायचंच आहे, तो त्यांची जास्त काळजी घेतो. म्हणून खाली सांगितलेल्या पद्धतीचा गाभा एकच आहे : पानाबद्दलचं मत पानावर बसून बनवायचं नाही. बाहेर पडायचं, इतर लोक त्याबद्दल काय म्हणतात ते बघायचं, दाव्याचं मूळ गाठायचं आणि मगच परत यायचं.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना संगणकासमोर बसवून ते माहिती कशी पारखतात याचं निरीक्षण केलं आणि २०१७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यात १० पीएच.डी. झालेले इतिहासकार होते, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस होते आणि २५ विद्यार्थी. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं दाखवली. एक अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, १९३० पासून चालत आलेली, हजारो सदस्यांची. दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स, २००२ मध्ये मतभेदांमुळे पहिलीतून फुटून निघालेला छोटा गट. नावं सारखी, दोन्ही पानं देखणी. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना छोट्या गटाचं पान अधिक भरवशाचं वाटलं, आणि आयुष्यभर कागदपत्रं पारखलेल्या इतिहासकारांमध्येही बरेच जण गोंधळले. तपासनीस गोंधळले नाहीत. ते पानावर फार वेळ थांबलेच नाहीत. जवळजवळ लगेच नवी टॅब उघडून त्यांनी संघटनेचं नाव शोधलं आणि तिच्याबद्दल दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचलं. एकाच पानावर वरून खाली जाण्याऐवजी ते टॅबवरून टॅबवर आडवे वाचत गेले. त्यांना वेळही कमी लागला. हे कौशल्य हुशारीपेक्षा सवयीचं आहे, त्यामुळे ते कुणालाही शिकता येतं.

आधी दावा वेगळा काढा

नक्की काय तपासायचंय ते एका वाक्यात लिहा. मनात नको, कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये. अर्धं काम इथंच होतं. समजा असा मजकूर आला : ‘एका नामांकित विद्यापीठाने सिद्ध केलंय की रोज सकाळी अमुक पेय घेतलं तर हृदयविकाराचा धोका निम्मा होतो, पण औषध कंपन्या हे लोकांपर्यंत पोचू देत नाहीत.’ यात चार दावे एकत्र बांधलेत. असं संशोधन झालं. ते नामांकित विद्यापीठात झालं, आणि त्या विद्यापीठाचं नाव मात्र कुठेच नाही. त्यात धोका निम्मा झाल्याचं दिसलं. कंपन्या ते दडपतात. पहिले तीन तपासता येतात. चौथा ज्या तऱ्हेने मांडलाय तसा कधीच तपासता येत नाही, कारण पुरावा मिळाला नाही तर ‘बघा, दडपला’ म्हणायची सोय त्यात आधीच करून ठेवली आहे. असलं वाक्य बाजूला ठेवा. त्यावर वेळ घालवू नका.

लिहिताना स्वतःकडेही बघा. मजकूर वाचून संताप आला, भीती वाटली किंवा ‘मला हे माहीतच होतं’ असं झालं, तर तिथे दुप्पट थांबायचं. एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला होता. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. ती पसरवणारी मुख्यतः माणसंच होती, यंत्रं नव्हेत. खोट्या बातमीत नवल जास्त असतं, आणि तेच तिला पळवतं.

पुन्हा पुन्हा कानावर पडल्यानेही गोष्ट खरी वाटू लागते. मानसशास्त्रज्ञांनी हे १९७७ पासून अनेकदा दाखवून दिलंय. तेव्हा ‘हे तर सगळीकडे वाचलंय’ हा भरवसा ठेवण्याचा आधार होऊ शकत नाही.

सगळंच तपासत बसायचीही गरज नाही. ज्या माहितीवरून तुम्ही पैसे गुंतवणार आहात, औषध घेणार किंवा सोडणार आहात, मत देणार आहात, किंवा दुसऱ्याच्या अब्रूबद्दल बोलणार आहात, ती मात्र तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. बाकीची सोडून दिली तरी चालते. तपासली नाही आणि पुढे पाठवलीही नाही, तर कुणाचं काही बिघडत नाही.

सांगणारा कोण

आता नवी टॅब. संकेतस्थळाचं, संस्थेचं किंवा माणसाचं नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. गुगलवर एक युक्ती इथे फार कामाची आहे : नावानंतर जागा सोडून उणे चिन्ह, त्याला चिकटून इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, मग दोन टिंबांचं चिन्ह आणि त्या संकेतस्थळाचा पत्ता. असं केलं की त्यांची स्वतःची पानं निकालांतून गळतात आणि दुसऱ्यांनी त्यांच्याबद्दल काय म्हटलंय तेवढंच उरतं. ‘आमच्याविषयी’ हे पान शेवटी वाचा. तिथे कुणीही स्वतःबद्दल वाईट लिहीत नाही.

निकाल आले की पहिल्यावर लगेच बोट ठेवू नका. पूर्ण यादी एकदा नजरेखालून घाला. कोण कोण बोलतंय, कुठल्या तारखा आहेत, ‘वाद’, ‘दंड’, ‘खुलासा’, ‘माघार’ असे शब्द दिसतात का? स्टॅनफर्डच्या अभ्यासातले तपासनीसही असेच थांबत होते, आणि विद्यार्थी मात्र बहुधा वरच्या निकालावर झडप घालत होते.

विकिपीडिया इथे वापरायला हरकत नाही. ‘कुणीही काहीही लिहितं’ म्हणून तो वर्ज्य मानायचा, हे मला पटत नाही. एखादी संस्था कधीची, तिचा पैसा कुठून येतो, तिच्यावर कोणते वाद झाले, हे दोन मिनिटांत कळायला तो उत्तम आहे, आणि खालच्या तळटीपा तर त्याहून उत्तम. फक्त तिथे थांबायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची म्हणून कुणीतरी रचलेली एक काल्पनिक देवता इंग्रजी विकिपीडियावर २००५ ते २०१५ अशी जवळजवळ १० वर्षं टिकून होती आणि तिथून एका छापील पुस्तकातही पोचली होती. ज्या वाक्याला तळटीप नाही, ते वाक्य तुमच्यासाठी अजून कुणीच सांगितलेलं नाही असं समजा.

पत्त्याकडे नीट बघा, विशेषतः त्याच्या शेवटाकडे. अमेरिकेतल्या एबीसी न्यूजच्या नावाशी हुबेहूब जुळणारा पत्ता घेऊन, शेवटी फक्त ‘डॉट को’ जोडून, एका बनावट संकेतस्थळाने खोट्या बातम्या चालवल्या, आणि चिन्हही तसंच लावलं होतं. ‘डॉट ऑर्ग’ दिसलं म्हणून ती सेवाभावी संस्था आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो पत्ता कुणालाही विकत घेता येतो. ‘डॉट गव्ह’ मात्र अमेरिकेतल्या सरकारी संस्थांनाच मिळतो. पत्ता कधी नोंदवला गेला हे ‘हू-इज’ नोंदीत कळतं, आणि ती नोंद इंटरनेटवरच्या पत्त्यांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. अनेक दशकांचं वृत्तपत्र असल्याचा दावा करणाऱ्याचा पत्ता मागच्याच महिन्यात नोंदलेला असेल, तर पुढचं काही तपासायची गरज उरत नाही.

समाजमाध्यमांवरची निळी खूण आता ओळखपत्र म्हणून धरू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवर ती पैसे भरून मिळायला लागली आणि लगेच कुणीतरी इलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने खातं काढून ‘इन्सुलिन आता फुकट’ असं जाहीर केलं. खऱ्या कंपनीला खुलासा करून माफी मागावी लागली.

माणूस खरा आहे आणि विद्वानही आहे, असं ठरलं तरी आणखी दोन प्रश्न राहतात. तो ज्या विषयावर बोलतोय तो त्याचा विषय आहे का? लायनस पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं आणि १९६२ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही, पण मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व घेतलं तर सर्दी होत नाही हा त्यांचा दावा नंतरच्या चाचण्यांमध्ये सर्वसाधारण लोकांच्या बाबतीत टिकला नाही. दुसरा प्रश्न पैशाचा. १९६७ मध्ये हृदयविकार आणि आहार यांवर हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या एका आढाव्यात साखरेवरचा दोष सौम्य करून चरबीवर भर दिला गेला होता. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते, हे जुन्या पत्रव्यवहारातून २०१६ मध्ये उघड झालं. हितसंबंध असला म्हणजे माहिती खोटीच असते असं नव्हे. पण तो लपवलेला असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

मूळ गाठा

ही पायरी सगळ्यांत कंटाळवाणी आहे आणि सगळ्यांत जास्त फळ देणारीही हीच आहे. ऑनलाइन माहितीचा बहुतांश भाग दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा असतो. अ ने ब चं वाचून लिहिलेलं असतं, ब ने क चं, आणि क ने मथळा तेवढा वाचलेला असतो. दर टप्प्यावर एखादी अट गळते, एखादा ‘कदाचित’ गळतो, आणि शेवटी ध चा मा होऊन तुमच्यापर्यंत येतो.

‘रोज ८ ग्लास पाणी प्यायलाच हवं’ हे वाक्य घ्या. आरोग्यावरच्या असंख्य लेखांत ते आहे. एका लेखातली लिंक दाबली की दुसरा लेख येतो, त्यातून तिसरा. नेटाने मागे जात राहिलं तर ‘८ ग्लास’, ‘पुरावा’, ‘उगम’ अशा शब्दांच्या शोधात हाइन्झ वाल्टिन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाचा २००२ मधला आढावा सापडतो. निरोगी माणसाने, नेहमीच्या हवामानात आणि बैठ्या आयुष्यात ८ ग्लास प्यायलाच हवं, याला शास्त्रीय पुरावा आहे का, हे त्यांनी शोधलं आणि त्यांना तो मिळाला नाही. उगम कुठला असावा याचा माग काढताना ते १९४५ च्या एका शिफारशीपर्यंत जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या आहार मंडळाने तेव्हा म्हटलं होतं, की प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. अडीच लिटर म्हणजे ग्लासाच्या आकारानुसार ८ ते १० ग्लास. पण त्याच परिच्छेदात पुढे असंही होतं, की यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळतं. हे पुढचं वाक्य वाटेत गळालं. मूळ मजकूर समोर असला तर हे एका मिनिटात दिसतं, आणि समोर नसला तर शंभर लेख वाचूनही दिसत नाही.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण त्यात फसलेले लोक स्वतः इतरांच्या चुका दाखवत होते. पालकात भरपूर लोह असतं हा समज एका दशांशचिन्हाच्या चुकीतून आला, जर्मन रसायनशास्त्रज्ञाने टिंब चुकीच्या जागी दिलं आणि लोह १० पट झालं, ही गोष्ट ‘माहिती तपासा’ असं सांगणाऱ्या लेखांमध्ये वर्षानुवर्षं दिली जात होती. तिचा मोठा प्रसार झाला तो १९८१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या, टेरेन्स हॅम्बलिन यांच्या एका लेखामुळे. त्यात त्या विधानाला संदर्भच नव्हता. २०१० मध्ये माइक सटन यांनी मूळ शोधायला घेतलं, थेट हॅम्बलिन यांना विचारलं, आणि त्यांनाही आधार देता आला नाही. पुढे २०१४ मध्ये ओले ब्यर्न रेकदाल यांनी संशोधक मूळ न बघता एकमेकांचे संदर्भ कसे उचलतात यावर लेख लिहिला, त्यातही हेच उदाहरण होतं. पालकातलं लोह शरीरात फार कमी शोषलं जातं हे खरं आहे, पण टिंबाच्या गोष्टीला पुरावा सापडलेला नाही. एखाद्या समजाचं खंडन करणारा मजकूरही तितक्याच कडकपणे तपासावा लागतो.

प्रत्यक्ष करायचं असं : लेखात लिंक असेल तर ती उघडा आणि ‘तिथे हे वाक्य आहे का’ एवढंच बघा. लिंक मजकुराशी संबंधित असते, पण दाव्याला आधार देत नाही, असं फार वेळा आढळतं. लिंक नसेल तर दाव्यातला सगळ्यांत वेगळा शब्दसमूह, आकडा किंवा नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. कुणाचं वचन असेल तर ते कुठल्या भाषणात, कुठल्या पत्रात, कुठल्या साली आहे ते बघा. नुसत्या चित्रावर नाव छापून फिरणारं आणि साल-ठिकाण नसलेलं वचन मी त्या माणसाचं मानत नाही. स्क्रीनशॉट असेल तर मूळ पोस्ट त्या खात्यावर शोधा. ती काढून टाकली असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पत्ता टाकून जुनी प्रत मिळते का बघा. बातमी कायद्याबद्दल किंवा न्यायालयाच्या निकालाबद्दल असेल तर आदेशच उघडा. भाषा कठीण असते, पण हवं ते वाक्य पानावर शब्द शोधून सापडतं.

साक्षीदार किती, आणि स्वतंत्र किती

दहा ठिकाणी तीच बातमी आहे म्हणजे दहा साक्षीदार झाले, असं नाही. दहाही ठिकाणी एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर असू शकतो. मधलं एखादं वाक्य उचलून अवतरणचिन्हांत शोधा. तेच शब्द सगळीकडे दिसले तर साक्षीदार एक. वेगळा बातमीदार, वेगळी मुलाखत, वेगळं कागदपत्र असेल तर तो दुसरा.

शोधताना प्रश्न कसा टाकता त्यावर उत्तर बरंच ठरतं. ‘अमुकमुळे कर्करोग होतो याचे पुरावे’ असं शोधलंत तर तेच सापडेल. ‘अमुक कर्करोग’ असं कोरं शोधा, मग ‘अमुक कर्करोग आढावा’, मग ‘अमुक कर्करोग अफवा’. तिन्ही याद्या वेगळ्या दिसतील. तथ्य-तपासणी आधीच झालीय का हे बघायला गुगलचं फॅक्ट चेक एक्सप्लोरर आहे, जगभरातल्या तपासनिसांचे लेख त्यात एकत्र शोधता येतात.

तारीख

८ सप्टेंबर २००८ ला युनायटेड एअरलाइन्सने दिवाळखोरी जाहीर केल्याची बातमी शेअर बाजारात पसरली. बातमी खरी होती, पण २००२ मधली. एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर ती तारखेशिवाय पुन्हा वर आली, गुगल न्यूजने ती ताजी समजून उचलली, आणि काही मिनिटांत शेअर सुमारे १२ डॉलरवरून ३ डॉलरपर्यंत कोसळला. व्यवहार थांबवावे लागले. त्यामुळे पानावरची तारीख शोधा, ती नसेल तर मजकुरातल्या घटनांवरून काळ ठरवा, आणि ‘अद्ययावत’ म्हणून दाखवलेल्या तारखेवर विसंबू नका. ती एक अक्षर बदललं तरी बदलते.

फोटो आणि व्हिडिओ

पूर आला की एक फोटो हमखास फिरतो : पाण्याने भरलेल्या रस्त्यावर गाडीच्या काचेतून टिपलेला शार्क. २०११ मध्ये आयरीन वादळानंतर तो प्वेर्तो रिकोचा म्हणून आला, २०१७ मध्ये हार्वे वादळात ह्यूस्टनचा म्हणून. त्यातला शार्क थॉमस पेशाक या छायाचित्रकाराने दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात टिपलेला आहे. मूळ फोटोत तो एका कयाकच्या, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीच्या मागून येतोय, आणि तो २००५ मध्ये ‘आफ्रिका जिओग्राफिक’मध्ये छापून आला होता.

हे शोधायला वेळ लागत नाही. फोटो सेव्ह करा, आणि फोटोवरून फोटो शोधून देणाऱ्या गुगल लेन्स किंवा टिनआयवर टाका. टिनआयवर निकाल ‘सर्वांत जुना आधी’ असे लावता येतात, आणि ज्या प्रसंगाचा म्हणून फोटो फिरतोय त्याच्या आधीची एक जरी प्रत मिळाली तरी प्रश्न सुटतो. सगळा फोटो टाकून काही मिळालं नाही तर कापून फक्त मुख्य वस्तू टाका. जोडकाम केलेल्या फोटोत हेच उपयोगी पडतं, कारण पार्श्वभूमी वेगळ्या ठिकाणची असते. व्हिडिओ असेल तर दोन-तीन ठळक चौकटींचे स्क्रीनशॉट घ्या आणि तसंच करा.

बनावट फोटोंपेक्षा खऱ्या फोटोंना लावलेल्या खोट्या ओळी कितीतरी जास्त असतात. मार्च २०२० मध्ये व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन परत आल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. डॉल्फिन खरे होते, फक्त ते शेकडो किलोमीटर दूर सार्डिनियातल्या कालियारी बंदरातले होते. अशा वेळी फोटोतच पत्ता असतो : दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेट, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालतात, सावल्यांची दिशा, झाडांवरची पानं. ठिकाणाचा अंदाज आला की गुगल स्ट्रीट व्ह्यूवर जाऊन खिडक्या आणि वळणं जुळवून बघा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं बोटं मोजून ओळखायचे दिवस गेले, त्यात वेळ घालवू नये. मे २०२३ मध्ये पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचं बनावट चित्र आलं आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटं खाली आला. ते उघडं पडलं ते परिसरातून : एवढा मोठा स्फोट झाला असता तर वेगवेगळ्या कोनांतून शेकडो फोटो आले असते, आणि तिथल्या अग्निशमन दलानेच असं काही झालं नसल्याचं सांगितलं. मोठ्या घटनेचा एकच फोटो असणं हीच संशयाची खूण.

एक सावधगिरी मात्र हवी. शार्कचा फोटो इतक्यांदा खोटा ठरला, की सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळाच्या वेळी फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्समधल्या पुराच्या पाण्यात शार्कसारखा मोठा मासा दिसल्याचा व्हिडिओ आला तेव्हा लोकांनी तो न बघताच खोटा ठरवला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तपासलं, तर तो खरा निघाला. प्रत्येक दावा नव्याने तपासावा लागतो.

‘संशोधनात सिद्ध झालंय’ आणि आकडे

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. माध्यमांनी तेच उचललं, असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. ‘दुप्पट’ म्हणजे किती? आधी ७,००० स्त्रियांमध्ये एकीला होत असे, ते ७,००० मध्ये दोघींना. गर्भारपणात हाच धोका त्याहून जास्त असतो. आकडा खरा होता आणि तरीही लोकांची दिशाभूल झाली. म्हणून ‘दुप्पट’, ‘निम्मा’, ‘४० टक्क्यांनी’ असं दिसलं की पहिला प्रश्न : कशाच्या? मूळ प्रमाण काय होतं ते मिळेपर्यंत टक्केवारीला काही अर्थ नाही.

अभ्यासाचं नाव मिळालं की तो प्रत्यक्ष उघडा. पूर्ण वाचता आला नाही तरी सारांश आणि पद्धती हे दोन भाग बघा. किती जणांवर केला? माणसांवर, उंदरांवर की काचेच्या बशीत? तुलनेला दुसरा गट होता का? २०१५ मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं असा ‘अभ्यास’ मुद्दाम करून दाखवला. माणसं फक्त १५, आणि त्यांच्यावर १८ वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. इतक्या गोष्टी मोजल्या की एखादी योगायोगानेच ‘लक्षणीय’ निघणार हे त्यांना माहीत होतं. पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकाने तो छापला आणि अनेक देशांतल्या वृत्तपत्रांनी मथळे केले. किती माणसं होती, हे फारसं कुणी विचारलंच नाही.

त्यानंतर हा अभ्यास मागे घेतला गेलाय का ते बघा. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, १२ मुलांवर आधारलेला. तो पूर्णपणे मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये, आणि आजही लोक तो पुरावा म्हणून देतात. नियतकालिकाच्या पानावर माघारीची ठळक नोंद असते, शिवाय मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत शोधता येतं. नियतकालिकात छापून येण्याआधीच निबंध टाकायच्या आर्काइव्ह (arXiv) किंवा मेडआर्काइव्ह (medRxiv) या संकेतस्थळांवरचा निबंध असेल तर तो अजून इतर तज्ज्ञांनी तपासलेला नसतो, हे ध्यानात ठेवा. आणि आरोग्याच्या प्रश्नात एका अभ्यासावर थांबण्याऐवजी अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा शोधा. कॉक्रेन या संस्थेचे आढावे त्यासाठीच असतात आणि त्यांचे सोप्या भाषेतले सारांश फुकट वाचता येतात.

चॅटबॉटने सांगितलं तर

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले जुने निकाल सादर केले. त्यातले सहा निकाल अस्तित्वातच नव्हते. वकिलाने शंका आल्यावर विचारलंही होतं, की हा खटला खरा आहे का. विचारलं कुणाला, तर चॅटजीपीटीलाच, आणि त्याने हो म्हटलं. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. पानावर बसून पान तपासण्याचाच हा प्रकार आहे. चॅटबॉटने नाव, साल, निबंध किंवा कलम दिलं तर ते त्याच्या बाहेर, ग्रंथालयाच्या सूचीत, नियतकालिकाच्या पानावर किंवा न्यायालयाच्या नोंदीत सापडतं का ते बघा. सापडलं तर तिथलंच वाचा आणि तेच उद्धृत करा. विषयातले शब्द समजून घ्यायला आणि कुठे शोधावं हे विचारायला तो चांगला आहे.

ठरत नसेल तेव्हा, आणि ठरल्यानंतर

हे सगळं करूनही कधी उत्तर मिळत नाही. घटना नुकतीच घडलेली असते किंवा तज्ज्ञांतच मतभेद असतात. तेव्हा ‘खरं’ आणि ‘खोटं’ एवढेच दोन कप्पे ठेवू नका. ‘बहुधा खरं’, ‘पुरावा अपुरा’, ‘अजून कळलेलं नाही’ असं लिहून ठेवता येतं. ताज्या घटनेत पहिल्या काही तासांतले मृतांचे आकडे, संशयितांची नावं आणि कारणं बहुतेकदा बदलतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

जे तपासलं त्याची नोंद ठेवा : दावा, मूळ कुठे मिळालं, तपासल्याची तारीख. महत्त्वाचं पान असेल तर वेबॅक मशीनवर त्याची प्रत जतन करा, नाहीतर वर्षभराने लिंक उघडत नाही.

खोटी माहिती ओळखीच्या माणसाने पाठवली असेल तर ग्रुपवर सगळ्यांसमोर चूक दाखवण्यापेक्षा आधी त्यांनाच वैयक्तिक लिहा. व्हॉट्सॲपवर मजकुराच्या वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी दुहेरी बाणाची खूण असेल तर तो त्यांनी लिहिलेला नाही, त्यांच्यापर्यंत किमान पाच हातांतून आलाय, हे लक्षात ठेवून बोला. दावा पुन्हा मोठ्या अक्षरात उगाळू नका, आधी खरं काय ते लिहा, मग कुठून कळलं, मग लिंक. उदाहरणार्थ : ‘दिवसाला लागणारं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं, त्यामुळे ८ ग्लासांचा नियम सगळ्यांना लागू होत नाही. २००२ मध्ये एका शरीरशास्त्रज्ञाने याचा पुरावा शोधला होता, त्यांना सापडला नाही. त्यांचा लेख खाली देतोय. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.’